विमान कुणाचं, तेवढं सांगा

ताई, तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. माझ्या आधी बरेच जण बोलून गेले होते. काळा कोट घालून कोर्टात उभी राहिलेली आपल्या वॉर्डातली पहिली बाई, स्कूटीवरून जिल्ह्याच्या टोकाला खैरलांजीपर्यंत पक्षकारांच्या घरी जाणारी वकीलीण, गरिबांचा आधार. सगळं खरं होतं. तरी मला वाटत राहिलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. माझ्या ओळखीची बाई चिडकी होती. ती माझ्या बातमीतली चूक आधी सांगायची आणि चहा नंतर विचारायची.

तिथं जे बोलता आलं नाही ते लिहितोय, आणि मराठीत लिहितोय. आपल्याकडे कोर्ट-कचेरी सगळी हिंदीत, म्हणून बातमीही मी हिंदीतच लिहितो, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझी मराठी घरात बोलण्यापुरती आणि तुमच्याशी भांडण्यापुरती. तुम्ही म्हणायच्या, "विलास, तू भांडतो मराठीत अन् लिहितो हिंदीत. म्हणून तुही बातमी ठंडी असते." आज भांडणच लिहायचंय, म्हणून हीच भाषा बरी.

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला सगळं पाठ आहे, पण कोणताही पक्षकार आला की तुम्ही त्याला म्हणायच्या, "मले काहीच माहीत नाही असं समज अन् सांग." तसं समजून सांगतो.

धानाची कापणी चालू होती. परसवाड्याच्या पुढच्या एका टोल्यावरून, छोट्या वस्तीवरून, तिथल्या शाळेतल्या मास्तरांचा फोन आला. "विलासभाऊ, आसमान से कुछ गिरा है. फुलवंताबाई के घर पे. जल्दी आओ." मी लामत्यात होतो. मोटारसायकल काढली आणि निघालो. पोचलो तेव्हा अंगणात माणसं गोल करून उभी होती आणि मधे राखाडी रंगाचं ते यंत्र पडलेलं. एक पंख बाजेएवढा लांब. दुसरा मोडून सैपाकखोलीच्या छपरात घुसलेला. छपराचे कवेलू फुटून फुलवंताबाईंच्या खांद्यावर पडले होते. त्या ओट्यावर बसल्या होत्या, डावा हात उजव्या हातानं धरून. रडत नव्हत्या. मला पाहून म्हणाल्या, "भैया, मैं तो भात उतार रही थी. ये है किसका?"

मी अकरा फोटो काढले. यंत्रावर ना नाव होतं ना नंबर. तीन फोटो तिथूनच माझ्या बातम्यांच्या पोर्टलवर टाकले आणि खाली फुलवंताबाईंचाच प्रश्न लिहिला. तासाभरात दोन गाड्या आल्या. वर्दीतली माणसं उतरली. त्यांनी अंगणातला एकेक तुकडा वेचला, फुटक्या कवेलूंच्या ढिगात हात घालून स्क्रू शोधले, सगळं ताडपत्रीत गुंडाळलं. ओट्यावर बसलेल्या बाईकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. एकानं माझा फोन मागितला. मी म्हटलं, पावती द्या. त्यानं फोन घेतला आणि मलाही गाडीत बसवलं. फुलवंताबाईंना मास्तरांनी गावातल्या ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं.

तुम्ही ठाण्यात आलात तेव्हा मला वाटलं आता आवाज चढणार. तुम्ही ना मला धीर दिलात, ना त्यांच्याशी भांडलात. खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "कौन सा कानून लगाया है साहब, ज़रा पढ़ के सुनाइए." त्यांनी वाचलं. सरकारी गुपितांचा जुना कायदा. त्यात सरकारचं विमान म्हणजे मनाई असलेली जागा, आणि तिचा फोटो काढणं म्हणजे गुन्हा. तुम्ही दोनदा विचारलंत, "सरकार का विमान, ऐसा ही लिखा है न आपने?" ते म्हणाले, हो. तुम्ही मान डोलावलीत आणि उठलात. मला वाटलं, संपलं. या बाईंनीच कबूल केलं. तुम्हाला तिथंच धागा सापडला होता, हे मला कितीतरी दिवसांनी कळलं.

चार दिवसांनी जामीन झाला. मी सरळ तुमच्या घरी आलो, तर टेबलावर ड्रोनचे नियम छापून ठेवलेले. "वाच," तुम्ही म्हणालात. मी वाचू लागलो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ड्रोनलाही नोंदणी हवी, नंबर हवा, उडवणाऱ्याला परवाना हवा. आणि सुरुवातीलाच लिहिलेलं, की सैन्याच्या तिन्ही दलांच्या ड्रोनना हे नियम लागू नाहीत.

"मग त्याईले कोणते लागू?" मी विचारलं.

"पलटव पानं."

मी शेवटपर्यंत पलटवली.

"भेटलं?"

"नाही."

"मलेही नाही भेटलं. दोन दिवस शोधून राह्यली." तुम्ही चष्मा काढून डोळे चोळलेत. "त्याईचे आतले हुकूम असतीन. पण ते फुलवंताबाईले वाचाले भेटत नाहीत. वरून पडलं तं कोणाले सांगायचं, कोणी उचलायचं, हाड मोडलं तं कोणी विचारायचं, हे आपल्यासाठी कुठीच लिहिलं नाही. बरं, ते सैन्याचं नसन अन् पोलिसाचं असन, तं मंग नियम लागू आहेत. मंग नंबर कुठी आहे? ते लोकं कोणत्या दलाचे होते, पाहिलं का तू?"

"खांद्यावर पट्टीच नव्हती, ताई."

"घ्या. बिनानावाचं यंत्र, बिनानावाचे माणसं. साऱ्या कागदात एकच नाव लिहिलं आहे. तुह्यं."

मी तावात येऊन म्हणालो की हे ड्रोनच बंद व्हायला पाहिजेत. तुम्ही माझं वाक्य मधेच तोडलंत. "माहा भाचा फौजेत आहे. ते वर उडते म्हणून त्याले जंगलात आंधळ्यासारखं चालावं नाही लागत. ड्रोन उडू दे. बिनामालकाचं ड्रोन नको." ताई, त्यानंतर मी कितीतरी बातम्या लिहिल्या, पण एवढ्या थोडक्यात ही गोष्ट मला कधी सांगता आली नाही.

मी सात पानं लिहून आणली होती. पत्रकाराचं स्वातंत्र्य, लोकांचा जाणून घेण्याचा हक्क, लोकशाहीचं काय काय. तुम्ही हे सगळं कोर्टात मोठ्यानं म्हणावं, अशी माझी इच्छा. तुम्ही सातही पानं वाचलीत, खरंच वाचलीत, आणि फाईलच्या तळाशी घातलीत. "पह्यले तुले या केसमधून बाहेर काढते. मंग प्रश्नाले." आणि स्कूटी काढून तुम्ही फुलवंताबाईंकडे गेलात. त्यांच्या नावानं उपचारासाठी अर्ज केलात. ज्या ज्या कचेरीचं ते यंत्र असू शकतं, त्या प्रत्येकीकडे एकच साधा प्रश्न पाठवलात: त्या दिवशी तिथं पडलेलं विमान तुमचं होतं का? उत्तरं यायला वेळ लागला. पण आली. प्रत्येकावर शिक्का, प्रत्येकावर सही, आणि प्रत्येकात तेच: त्या दिवशी आमचं कोणतंही विमान त्या भागात नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी तुम्ही जेमतेम दहा मिनिटं बोललात. एका हातात माझ्यावरच्या गुन्ह्याचा कागद, दुसऱ्या हातात ती उत्तरं. "साहब, इस कागज़ में लिखा है कि मेरे मुवक्किल ने सरकार के विमान का फोटो लिया. और इन कागज़ों में सरकार कहती है कि हमारा कोई विमान था ही नहीं. विमान किसका था, बस इतना बता दें. उनका है, तो फुलवंताबाई का हाथ भी उनका है. उनका नहीं है, तो मेरे मुवक्किल ने किसका फोटो लिया?"

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते कागद चाळत राहिले. मग म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. पुढच्या तारखेलाही तेच म्हणाले. तिसऱ्या तारखेला मी सुटलो. फोन परत देण्याचा हुकूम झाला.

आणि मी काय केलं? हुकूम वाचला, तर त्यात ड्रोनबद्दल अक्षर नाही, पत्रकाराबद्दल अक्षर नाही. विमान सरकारचं असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून मी निर्दोष, एवढंच. बाहेर व्हरांड्यात तुमचे सहकारी तुमचं अभिनंदन करत होते. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "ताई, तुम्ही मले वाचवलं, पण प्रश्नाले मारलं. तुम्ही घाबरल्या."

तुम्ही कोट काढून हातावर घेतलात. "हौ, घाबरली," म्हणालात. "तू चार दिवस आत होता. तुही माय माह्या घरी बसून होती. मी तिच्यासमोर बसून होती. घाबरू नाही तं काय करू?" आणि पायऱ्या उतरून गेलात. सावकाश, एका हातानं कठडा धरून. तेव्हा मला दिसायला हवं होतं की तुमची तब्येत बरी नाही. मला फक्त माझा राग दिसत होता.

त्यानंतर दोन महिने आपण बोललो नाही. मी फोन केला नाही आणि तुम्हीही नाही. त्या दिवसांत मला एक गोष्ट समजली, ती तुम्हाला सांगायची राहिली होती. माझा फोन परत आला, पण त्यातले नंबर आधीच वाचले गेले होते. मास्तरांना चार वेळा बोलावून विचारपूस झाली. फोन तूच केला होतास का? का केलास? आणखी काय काय सांगतोस? मी त्यांच्या शाळेत गेलो तर ते फाटकापर्यंतच आले. "भैया, बुरा मत मानना. मेरा नंबर मिटा दो." मी त्यांच्यासमोर नंबर पुसला. माझ्या सुटकेच्या हुकुमात मास्तरांसाठी काहीच नव्हतं.

मग तुमचा फोन आला. नागपूरच्या दवाखान्यातून. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "येऊन राह्यला का? पेन आणजो. इथले पेनं उठत नाहीत."

मी आलो. तुमचं अंग अर्धं झालं होतं. लिव्हरचं दुखणं किती पुढं गेलंय ते नीलिमानं मला जिन्यातच सांगितलं होतं. नीलिमा, तुमची ज्युनियर, तीन आठवडे तिथंच होती. तुम्ही आजाराबद्दल एक शब्द बोलू दिला नाहीत. उशीखालून कागद काढलेत. वरच्या कोर्टात द्यायच्या याचिकेचा मसुदा. ताई, ज्या प्रश्नाला तुम्ही मारलंत असं मी म्हणालो होतो, तो तुम्ही माझ्या सुटकेच्या दुसऱ्या दिवसापासून लिहीत होतात.

मागणी अगदी साधी. आकाशातून काही पडलं तर ते कुणाचं हे लेखी सांगा. गावासमोर पंचनामा करा आणि त्याची नक्कल गावाला द्या. जखमीला आधी उचला, यंत्र नंतर. अर्जदार एकच, फुलवंताबाई. माझं नाव कुठेच नव्हतं.

"अन् मी?" मी विचारलं.

"तू साक्षीदार."

"पत्रकाराचं काहीच नाही यात."

"काहून पाहिजे? तुले येगळी खुर्ची पाहिजे का? हक्क त्या बाईचा आहे. तिच्या घरावर काय पडलं, हे समजाचा. तू तिचा डोळा आहे, बस."

"डोळा फोडला तं तिले दिसन काय, ताई?"

तुम्ही उठून बसायचा प्रयत्न केलात. नीलिमानं मला डोळ्यांनी दटावलं. पण मी थांबलो नाही आणि तुम्हीही मला थांबवलं नाहीत. मी मास्तरांचं सांगितलं. फाटकाशी उभं राहून त्यांनी नंबर पुसायला लावला तेही सांगितलं. म्हणालो, "माह्या फोनमध्ये मी एकटा नसतो. फोन असा उचलून नेता येते, हे लोकांले समजलं, तं उद्या कोणी मले बोलावणारच नाही. मंग फुलवंताबाईच्या अंगणात काय पडलं, ते तिले अन् वर्दीवाल्यांलेच माहीत राहीन."

तुम्ही मसुद्याचं शेवटचं पान उलटं करून माझ्यापुढे सरकवलंत. मग म्हणालात, "लिही." आणि सांगत गेलात. एकच परिच्छेद. कारण लेखी दिल्याशिवाय आणि पावतीशिवाय पत्रकाराचा फोन घेऊ नये, आणि त्याला माहिती देणाऱ्या माणसाला त्याच फोनच्या आधारानं त्रास देऊ नये. मी अजून दोन वाक्यं घालू पाहत होतो. "बस," तुम्ही म्हणालात. "तुही सात पानं मी वाचली आहेत. त्याईतलं कामाचं एवढंच होतं." आणि हसलात. मीही हसलो.

पण पुरतं मिटलं नव्हतं. तुमचं म्हणणं, हक्क आधी बाईचा आणि मग बातमीदाराचा. माझं म्हणणं, दोन्ही एकच. त्या दिवशी नर्स आली, बाटली बदलली आणि आपला वाद तिथंच राहिला. मी आजही माझ्याच मतावर आहे, ताई. तुम्ही असता तर आज पुन्हा भांडलो असतो. आणि त्यात मजा होती, हे तुम्हालाही ठाऊक होतं.

जे भांडण मी हरलो होतो आणि कबूल करत नव्हतो, ते व्हरांड्यातलं. तुमच्या खाटेशेजारी मी चार तास बसलो. "ताई, माझं चुकलं" म्हणायला चार सेकंद लागले असते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो तेव्हा म्हणीन. तुम्ही शुक्रवारी गेलात. आता म्हणतो. तुम्ही घाबरला नव्हता. तुम्हाला हे माहीत होतं की माणूस गुन्ह्यात अडकलेला असताना मोठा प्रश्न लढवला तर त्याची किंमत तो माणूस देतो. आधी त्याला बाहेर काढायचं, मग लढायचं. मला तुम्ही माझ्या आईच्या हाती परत दिलंत आणि मग पेन मागितलंत. हे माझ्या डोक्यात शिरायला तुम्हाला जावं लागलं, याची लाज वाटते. पण लाजेपेक्षा जास्त बरं वाटतं. तुमच्यासारखी बाई माझ्या बाजूनं उभी होती, हे माझं भाग्य.

आता पुढचं सांगतो, कारण तुम्ही विचारणारच.

याचिका नीलिमानं दाखल केली. तुमच्या मसुद्यातला एक शब्द तिनं बदलला नाही. फुलवंताबाईंनी सही केली. अंगठा नाही, सही. हात बरा व्हायची वाट पाहताना त्या आपल्या मुलीकडून नाव लिहायला शिकल्या. त्यांचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. पहिल्या सुनावणीला त्या स्वतः आल्या, मागच्या बाकावर बसल्या. न्यायमूर्तींनी मसुदा वाचून सरकारी वकिलांना विचारलं की असं काही पडलं तर सामान्य माणसानं कुठे जायचं, याचा नियम दाखवा. त्यांनी मुदत मागितली. कोर्टानं मुदत दिली, पण उत्तर शपथेवर लेखी द्यायला सांगितलं. नीलिमा बाहेर येऊन म्हणाली, "दादा, ताई असत्या तं म्हटल्या असत्या, एका तारखेत एवढंच भेटते." फुलवंताबाईंनी विचारलं, "अगली तारीख कब है?" आणि दिवस पाठ करून घेतला. हे सगळं मी पोर्टलवर लिहिलं. दोन दिवसांनी मास्तरांचा फोन आला. नवीन नंबरवरून. म्हणाले, "ये नंबर लिख लो."

आणि मग हा परवाचा मंगळवार. सकाळी लामत्याजवळच्या एका गावातून बाईचा फोन आला. मी तिला ओळखत नाही. "पत्रकार बोल रहे हो? हमारे खेत में एक गिरा है. वो लोग आ गए हैं, पर हमने उठाने नहीं दिया."

मी पोचलो तेव्हा धानाच्या बांधीत वीसेक बाया यंत्राभोवती गोल करून बसल्या होत्या. कुणाला लागलं नव्हतं. वर्दीतली माणसं बांधावर उभी. बायांनी त्यांना एकच सांगितलं होतं: लिख के दो, फिर ले जाओ. यांना हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. फुलवंताबाईंची बातमी त्यांच्या मोबाईलवर फिरली होती. वर्दीवाल्यांना तसं लिहून देणं बंधनकारक करणारा कायदा अजून झालेला नाही, ताई. कोर्टाचा तसा हुकूमही नाही. बाया नुसत्या बसून राहिल्या. उन्हात तास गेला असेल. शेवटी वर्दीवाल्यांतला जो साहेब होता त्यानं वर कुठेतरी फोन लावला, बराच वेळ बोलला, आणि मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागला.

बायांनी तो कागद मला वाचायला दिला. "यह उपकरण हमारे दल का है." खाली दलाचं नाव, साहेबाचं नाव, हुद्दा, सही. मी मोठ्यानं वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. बाया उठल्या, पदर झटकले आणि वाट मोकळी केली.

मी फोन काढून त्या कागदाचा फोटो घेतला. मग यंत्राचा घेतला. साहेब माझ्याकडेच येत होता. मी फोन खिशात घातला नाही, हातातच धरून उभा राहिलो. तो जवळ आला, स्क्रीनकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "देखो ज़रा, मेरा नाम साफ़ आया कि नहीं? छापोगे तो ठीक से छापना."